छोट्या आगगाडीचा आराखडा

जयसिंगपूर हें गांव आधीं कागदावर वसलें आणि मग जमिनीवर. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१६ सालीं आपले जनकपिता जयसिंगराव घाटगे यांच्या नांवानें ही पेठ वसविली, तेव्हां तिच्या गल्ल्या दोरी धरून सरळ आखण्यांत आल्या आणि एकमेकींस काटकोनांत छेदणाऱ्या रस्त्यांनीं तिची वांटणी झाली. अशा गांवांत राहणाऱ्या माणसाला आराखड्याचें महत्त्व पटवून द्यावें लागूं नये. परंतु घरांतील रिकाम्या खोलींत छोटी आगगाडी मांडावयाची म्हटली, कीं हाच मनुष्य बाजारांतून रूळ आणून प्रथम मांडूं लागतो आणि विचार मागाहून करतो. पंधरा दिवसांत गाडी वळणावर घसरूं लागते, कोंपऱ्यांतील सांध्यापर्यंत हात पोंचत नाहीं, खोलीचें दार अर्धेंच उघडतें आणि सगळी सामग्री खोक्यांत भरून माळ्यावर जाते. वर्षाच्या धान्याचे डबे आणि पाहुण्यांचीं अंथरुणें हलवून घरच्या मंडळींनीं ही खोली मोठ्या मनानें दिलेली असते. दुसऱ्यांदा ती मागण्याचें तोंड राहत नाहीं. म्हणून रुळाचा पहिला तुकडा विकत घेण्यापूर्वीं पेन्सिल, पट्टी आणि कंपास यांची संगत धरावी हें बरें.

या छंदाचें आणि कोल्हापूरच्या आगगाडीचें वय एकच आहे, ही मौजेची गोष्ट होय. मिरजेहून कोल्हापुरास जाणारा लोहमार्ग कोल्हापूर दरबारच्या पैशानें बांधला गेला आणि १८९१ सालीं सुरू झाला. त्याच सालीं जर्मनींतील मेर्कलिन कंपनीनें लाइपझिगच्या जत्रेंत इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या रुळांवर फिरणारी चावीची गाडी मांडली. तिची खरी नवलाई रुळांत होती. रुळांचे तुकडे ठराविक मापाचे असल्यामुळें आज घेतलेल्या रुळांना पुढच्या वर्षीं आणखी तुकडे जोडतां येत. खेळण्यांतली गाडी येथून वाढविण्याची वस्तु झाली आणि आराखड्याचा प्रश्न जन्मास आला. आपल्याकडे ही विद्या किती दूरवर नेतां येते हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं पुण्यास कोथरूड येथें जावें. भाऊसाहेब जोशी यांनीं १९९८ सालीं तेथें छोट्या रेल्वेचें संग्रहालय उघडलें. आयुष्यभराच्या हौसेंतून उभें राहिलेलें तें काम एका खोलींत बसणारें नव्हे. परंतु एका गाडीला वाट देण्यासाठीं दुसरी गाडी कशी थांबते, हें तेथें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे पुस्तकांतील दहा आकृत्यांचें काम होतें.

खोलींत काय मांडावयाचें, हा पहिला प्रश्न आहे. सर्वसाधारणपणें नवशिक्याला सर्व कांहीं हवें असतें: बोगदा, घाट, मोठें जंक्शन, चार फलाट, शिवाय एक साखर कारखाना. खोली मात्र दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असते. अशा वेळीं आपल्या दाराजवळचा एखादा मार्ग घ्यावा आणि त्यावरील एकच स्थानक नीट मांडावें. जयसिंगपूरकरांना तर शोध करीत लांब जावयास नको. मिरज सोडल्यावर गाडी कृष्णेचा पूल ओलांडते, मग जयसिंगपूर येतें, ज्या स्थानकाला पूर्वीं शिरोळ रोड म्हणत. पुढें हातकणंगले, रुकडी, तेथून पंचगंगेचा पूल आणि शेवटीं कोल्हापूर. दोन नद्या, उंसाचे मळे, एक व्यापारी पेठ आणि शेवटचें राजधानीचें स्थानक, इतकी सामग्री कोणत्याही आराखड्यास पुरे. आणि या मार्गाचा मोठा गुण असा कीं तो बहुतांशीं सपाटींतून जातो.

या गुणाची किंमत हिशेब केल्यावांचून कळत नाहीं. एका रुळावरून दुसरा रूळ न्यावयाचा, तर खालची गाडी सुखरूप जावी म्हणून वरचा मार्ग सुमारें दहा सेंटिमीटर उंच चढवावा लागतो. छोट्या एंजिनाला शंभराला दोन हा चढ झेपतो, तीन म्हणजे त्याची परीक्षाच. शंभराला दोन या मानानें दहा सेंटिमीटर चढण्यास पांच मीटर मार्ग लागतो आणि उतरण्यास तितकाच. बोरघाटांत खऱ्या गाड्या सदतीसाला एक असा चढ चढतात, पण त्यासाठीं मागून जादा एंजिनें लावतात आणि तेथें डोंगर आयता आहे. दहा बाय बाराच्या खोलींत घाट मांडणारा मनुष्य बहुधा गाडीपेक्षां उतारच पाहत बसतो. सपाट मार्ग निवडला कीं ही सर्व जागा स्थानकाला मिळते.

आतां प्रमाण. जगांत सर्वांत जास्त चालणारें प्रमाण सत्याऐंशीस एक हें आहे. म्हणजे खऱ्या सत्याऐंशी मीटरांस आपला एक मीटर. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोपांतील मार्गाचें माप १४३५ मिलिमीटर आहे. आपला रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्याला सत्याऐंशीनें भागलें तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. तेव्हां बाजारांत मिळणाऱ्या रुळांवर भारतीय डबा ठेवला तर रूळ खऱ्याहून पावणेतीन मिलिमीटर अरुंद असतात. काटेकोर माणसाला हें खटकेल. इतरांच्या डोळ्यांना तें सहसा उमजत नाहीं आणि स्वतः रूळ बनविण्याची तयारी नसेल तर ही तडजोड निमूटपणें पत्करावी. ज्याला वडिलांच्या आजोबांच्या काळची गाडी मांडावयाची आहे त्याचा प्रश्न निराळा आहे. हा मार्ग १९७१ च्या सुमारास रुंद होईपर्यंत मीटरगेज होता. एक मीटरास सत्याऐंशीनें भागलें कीं साडेअकरा मिलिमीटर होतात आणि बारा मिलिमीटरांचे रूळ परदेशांत तयार मिळतात. येथें रूळ जवळजवळ अचूक येतात, मात्र आपल्या मीटरगेजचीं एंजिनें व डबे बहुतेक स्वतःच घडवावे लागतात. दोहोंपैकीं कोणता काळ घ्यावयाचा हें आरंभींच ठरवावें. फलाटाची उंची, सिग्नल, मालधक्का, सर्व कांहीं त्यावर अवलंबून आहे. अर्धी मांडणी झाल्यावर काळ बदलणें म्हणजे पायापासून घर पुन्हां बांधणें होय.

प्रमाण ठरल्यावर खोलीकडे पाहिलें म्हणजे प्रथम मन खट्टू होतें. मिरज ते कोल्हापूर हें सुमारें ४७ किलोमीटरांचें अंतर सत्याऐंशीनें भागलें तरी ५४० मीटर उरतें. इतका रूळ मांडावयास गल्ली पुरणार नाहीं. एवढेंच कशाला, अठरा डब्यांची एक गाडी घ्या. जुन्या पद्धतीचा निळा डबा धक्क्यांसह सव्वाबावीस मीटरांहून किंचित् लांब आहे. अठरा डबे व एंजिन मिळून सुमारें ४२० मीटर होतात. बारा फुटांची भिंत या प्रमाणांत ३१८ मीटरांची आणि खोलीचा कर्ण ४१४ मीटरांचा. म्हणजे गाडी तिरकी ठेवली तरी खोलींत मावत नाहीं! येथें आखडतें घ्यावेंच लागतें. पांच डबे आणि एक एंजिन यांची गाडी दीड मीटरांची होते. पाहणाऱ्याला ती पूर्ण गाडी वाटते, कारण माणसाची नजर डबे मोजीत नाहीं. गाडी फलाटाला भरून उरली कीं तिचें समाधान होतें.

यापुढचें गणित वळणाचें आहे आणि सर्व आराखडे याच ठिकाणीं तरतात किंवा बुडतात. वळणाची त्रिज्या जितकी मोठी, तितकी गाडी डौलानें वळते. परंतु तितकीच जागा खाते. सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असावी, दुपटीखालीं तर जाऊंच नये, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आपला डबा साडेपंचवीस सेंटिमीटर. तिप्पट म्हणजे पाऊण मीटराहून थोडी अधिक. या खोलींत साठ सेंटिमीटर ही तडजोड करावी. गाडी रूळ सोडणार नाहीं, फक्त वळणावर डब्यांचीं टोंकें बाहेर आलेलीं दिसतील. तींही झाडी किंवा इमारती यांच्या आड घेतां येतात. जॉन आर्मस्ट्राँग या अमेरिकन आराखडाकारानें जागा मोजण्याची एक सुरेख युक्ति काढली. ती अशी: त्रिज्येंत दोन शेजारच्या रुळांमधील अंतराची दुप्पट मिळवावी आणि तेवढ्या बाजूच्या चौरसांनीं खोलीचा नकाशा विभागावा. रुळांत पांच सेंटिमीटर अंतर धरलें तर आपला चौरस सत्तर सेंटिमीटरांचा होतो. खोली फूट-इंचांत न मोजतां ‘सव्वाचार चौरस बाय सव्वापांच चौरस’ अशी मोजली जाते. पाव वर्तुळाचें वळण एका चौरसांत बसतें. गाडी उलट फिरवून आणावयाची तर दोन चौरस रुंदी लागते. इतकें कळलें म्हणजे काय मावेल व काय मावणार नाहीं, हें दहा मिनिटांत दिसून येतें आणि पुष्कळ हुरहूर वांचते.

आतां या चौरसांतून प्रत्यक्ष आराखडा काढून पाहूं. मधोमध मोठें टेबल मांडण्याचा मोह प्रथम आवरावा. टेबलाभोंवतीं माणूस फिरतो तेव्हां त्याला सगळी गाडी एकदम दिसते आणि ती खेळणें वाटते. शिवाय पलीकडील बाजूस हात जात नाहीं. अडीच फुटांच्या पलीकडे हात पोंचत नाहीं, म्हणून त्याहून रुंद फळी कोठेंही ठेवूं नये. रूळ भिंतीलगत चारही बाजूंनीं न्यावेत आणि माणसानें मध्यें उभें राहावें. एका लांब भिंतीला दोन फूट रुंदीची फळी जयसिंगपूर स्थानकासाठीं, समोरच्या भिंतीला दीड फुटाची, दोन्ही आखूड भिंतींना फुटा-सव्वाफुटाच्या. मध्यें जवळजवळ दोन मीटर रुंदीची मोकळी जागा राहते. तेथें घरांतील आजी खुर्ची टाकून बसूं शकतील, आणि त्यांच्या बसण्यावर या छंदाचें घरांतील भवितव्य पुष्कळसें अवलंबून असतें.

रूळ भिंतीपासून दहा सेंटिमीटर आंत धरला तर बारा फुटांच्या बाजूवर दोन्ही वळणें वजा जातां २२६ सेंटिमीटर सरळ मार्ग मिळतो. गाड्यांची अदलाबदल होण्यासाठीं येथें मुख्य मार्गाला समांतर दुसरा मार्ग हवा, आणि त्याच्या दोन्ही टोंकांना सांधे. खऱ्या मार्गावर सांधे बाराला एक किंवा साडेआठाला एक अशा मंद तिरकाईचे असतात. बाराला एक सांध्यानें पांच सेंटिमीटर बाजूला जाण्यास साठ सेंटिमीटर लागतात. दोन्ही टोंकांचे मिळून सव्वा मीटर गेले कीं गाडीला जागाच उरत नाहीं. चाराला एक सांधा आखूड खरा, पण लांब डबे त्यावर अडखळतात. सहाला एक घ्यावा. दोन्हीकडे तीस-तीस सेंटिमीटर सोडून १६६ सेंटिमीटर मोकळे राहतात आणि आपली गाडी आहे दीड मीटरांची. ती आंत राहून दुसऱ्या गाडीला वाट देते. हा हिशेब आधीं केला नसता, तर गाडीचा शेवटचा डबा सांध्यावर उभा राहून मिरजेहून आलेली गाडी रोज अडली असती.

समोरच्या भिंतीवर, एका उभ्या पडद्यामागें, तीन मार्ग लपवावेत. पडद्यावर उंसाचा मळा आणि दूरची टेकडी रंगवावी. हे तीन मार्ग म्हणजे ‘बाकीचें जग’. एका बाजूनें गाडी त्यांत शिरली म्हणजे ती कोल्हापुरास गेली. दुसऱ्या बाजूनें निघाली म्हणजे मिरजेहून आली. येथें एक अडचण उभी राहते, ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कोल्हापुरास गेलेली गाडी वर्तुळांतून पुढें सरकत मिरजेच्या बाजूनेंच पुन्हां येते. कोल्हापुराहून परत कधीं येतच नाहीं. तिला परतविण्यासाठीं रूळ फांसासारखा वळवून आणण्याचा विचार मनांत येतो. तो दोन कारणांनीं टाळावा. एक तर त्याला दोन चौरस जागा लागते. दुसरें असें कीं साध्या पद्धतींत एका रुळांतून धन व दुसऱ्यांतून ऋण विद्युत् येते. फांसा वळून आला कीं डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि जोड होतांच सर्व प्रवाह खुंटतो. नकाशावर एक रूळ तांबड्या व दुसरा निळ्या पेन्सिलीनें काढावा. कोठेंही तांबड्याला निळा भेटला तर तेथें रूळ तोडून मध्यें विद्युत्-रोधक तुकडा घालावा लागेल आणि प्रवाह उलटविण्याची सोय करावी लागेल. हल्लींच्या अंकीय नियंत्रणांत हें काम यंत्र आपोआप करतें, पण रूळ तेथेंही तोडावा लागतोच. त्यापेक्षां कोल्हापूर स्थानक जें करतें तेंच करावें. तें शेवटचें स्थानक आहे. तेथें एंजिन सुटून मोकळ्या मार्गानें दुसऱ्या टोंकाला जातें आणि तीच गाडी उलट निघते. पडद्यामागील तीनांपैकीं एक मार्ग त्यासाठीं सदैव रिकामा ठेवला, कीं प्रश्न मिटला.

वर्तुळाची एक फेरी साडेअकरा मीटरांहून किंचित् अधिक होते. तिला सत्याऐंशीनें गुणलें तर एक किलोमीटर भरतो. हा योगायोग फार उपयोगी आहे. तासाला पन्नास किलोमीटर वेगाची गाडी एक फेरी बहात्तर सेकंदांत करील; घड्याळ लावून वेग तपासतां येतो. बहुतेक हौशी माणसें गाडी याच्या तिप्पट वेगानें पळवितात आणि मग ती खरी कां दिसत नाहीं म्हणून रंगाला दोष देतात.

दार आखूड भिंतीला आहे असें धरूं. दारापुढून रूळ न्यावयाचा म्हणजे तेथें उचलतां येणारा तुकडा हवा, आणि हाच तुकडा कृष्णेचा पूल करावा. नदीचें पात्र म्हणजे दाराचा उंबरठा. दार आंत उघडत असेल तर तें बाहेर उघडेल असें करून घ्यावें, नाहीं तर पूल बसविण्याचा विचार सोडावा. पूल उचललेला असतांना एंजिन चार फुटांवरून खालीं पडूं शकतें आणि त्याची दुरुस्ती सहसा होत नाहीं. म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंच्या गाडीभर लांबीच्या रुळांना विद्युत् पुलांतूनच जाईल अशी जोडणी करावी. पूल जागेवर नसला कीं ते रूळ मृत होतात आणि एंजिन कडेला येण्याआधींच थांबतें. आराखड्यांतील सर्वांत महत्त्वाची तार ही.

फळीची उंची चार फूट ठेवावी. उभ्या माणसाला गाडी जमिनीवरून पाहिल्यासारखी दिसते, आणि लहान मुलांसाठीं एक चौरंग पुरतो. शिरोळ तालुक्यांत २०१९ व २०२१ सालीं कृष्णा-पंचगंगेच्या पुरानें घरेंच्या घरें पाण्याखालीं गेलीं. नदीकांठच्या गांवांतील हौशी माणसानें ही खोली माडीवरचीच मागून घ्यावी. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, उन्हाळ्यांत रूळ वाढतात. तीन मीटर रुळाची लांबी वीस अंश उष्णता वाढतांच सुमारें एक मिलिमीटर वाढते. एवढी फट सांध्यासांध्यांत वांटून ठेवली नाहीं तर मे महिन्यांत सरळ मार्ग सापासारखा होतो.

स्थानकाच्या फळीवर अजून फूटभर रुंदी शिल्लक आहे. तेथें मालधक्का मांडावा. ॲलन राइट या इंग्रज गृहस्थानें एक छोटी मांडणी प्रसिद्ध केली: तीन फाटे, एकांत पांच वाघिणी मावतील, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि एंजिनाच्या बाजूला एंजिन व तीन वाघिणी इतकीच जागा. वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतील पांच निवडावयाच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमानें त्यांची गाडी जुळवावयाची. दिसावयास हा पोरखेळ आहे, परंतु पांच वाघिणींचे असे ६,७२० निरनिराळे क्रम निघतात. जुन्या चारचाकी वाघिणी नऊ-दहा सेंटिमीटरांच्या असल्यामुळें ही सर्व मांडणी पावणेदोन मीटरांत बसते. ज्याच्या घरांत खोलीच रिकामी नाहीं, त्यानें एवढा भाग एका फळीवर करून कपाटावर ठेवला तरी त्याचीं कित्येक वर्षें आनंदांत जातील.

इतकें झाल्यावरही लगेच खिळे ठोकूं नयेत. आराखडा एकास दहा या प्रमाणांत कागदावर पक्का झाला, कीं खोली झाडून घेऊन तोच पूर्ण आकारांत जमिनीवर खडूनें आखावा. दोरीच्या एका टोंकाला खिळा व दुसऱ्याला खडू बांधला म्हणजे साठ सेंटिमीटरांचें वळण सहज निघतें. सरळ मार्ग व वळण जेथें मिळतात तेथें एकदम वांक घेऊं नये. बांबूची पातळ कांब दोन्हीकडे टेकवून ती आपण होऊन जशी वांकेल तशी रेघ ओढावी. खरा लोहमार्गही वळणांत असाच हळूहळू शिरतो. मग जुन्या पुठ्ठ्याचे साडेपंचवीस सेंटिमीटरांचे पांच तुकडे कापून ते डबे समजावेत आणि खडूच्या रेघेवर एकामागें एक ठेवून पाहावें. फलाटावर पांचही मावतात काय? शेजारच्या रुळावरील डब्याला वळणावर टोंक लागतें काय? खोलीच्या मध्यभागीं खुर्ची ठेवून दार उघडतां येतें काय? या परीक्षेंत बहुधा एक सांधा हातभर सरकवावा लागतो. जमिनीवर तो ओल्या फडक्यानें पुसून सरकतो. खडूच्या रेघा चार दिवस तशाच राहूं द्याव्यात, घरच्यांना त्यांवरून जाऊं येऊं द्यावें, आणि पांचव्या दिवशीं सुताराला बोलवावें.